उभी नदी

नदी आपण बहुतेक आडवी ओळखतो. गाडी पुलाच्या या टोकाला चढली की त्या टोकाला उतरेपर्यंत जे दिसेल ती नदी. पाणी किती आहे एवढे पाहून होते, कुणी हात जोडतो, कुणी खिडकीतून नाणे टाकतो, आणि रस्ता पुन्हा सुरू होतो. नागपूर-हैदराबाद रस्त्याने पिंपळखुटीजवळ पैनगंगा ओलांडणाऱ्यांची तिच्याशी ओळख अशी मिनिटभराचीच असते.

या मननात नदी उभी पाहायची आहे, म्हणजे लांबीने, प्रवाहाच्या दिशेने. घाई करू नका. मध्येच डोळे मिटावेसे वाटले तर मिटा, राहिलेले नंतर वाचता येईल.

आधी बसायची जागा ठरवू. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण कडेला झरी जामणी तालुका आहे. तिथे काठ खचलेला नाही अशी एखादी जागा मनाने निवडा आणि दक्षिणेकडे तोंड करून बसा. पाठीशी कपाशी-तुरीची शेते आहेत. त्यांच्यामागे शिबला-माथार्जुनकडच्या टेकड्या आणि तिकडचे पोड, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्या. समोर पैनगंगा, आणि पल्याड तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. पाणी उजवीकडून येते आहे आणि डावीकडे जाते आहे.

मान सावकाश उजवीकडे वळवा. हे पाणी बुलढाणा जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावून निघाले. वाटेत सहस्रकुंडाला काळ्या खडकावरून कोसळले. पूस, अरुणावती, अडाण या नद्या त्यात मिसळल्या. आता मान डावीकडे. थोडे पुढे वर्धा भेटेल, मग वैनगंगा, मग गोदावरी, मग समुद्र. श्वास मोजायची गरज नाही. तो जसा येतो-जातो तसा राहू द्या, आणि उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या पाण्यावर लक्ष ठेवा.

आता जरा लांबच्या नद्यांवर जाऊ. जर्मनीत ऱ्हाईन, माइन आणि डॅन्यूबवरून बोटींच्या संथ सहली निघतात. हल्ली आपल्याकडची निवृत्त जोडपीही त्यांना जातात. बोट सायकलीच्या वेगाने चालते. दिवसभरात मिल्टेनबेर्ग, वेर्टहाइम, बाम्बेर्ग असे एखादे गाव येते. बऱ्याच ठिकाणी धक्का गावाला लागूनच असतो. उतरले की चार पावलांवर चौक, चर्च, पावाचे दुकान. दोन-तीन तास भटकायचे आणि बोटीवर परतायचे.

या सहलीत मनासारखे बरेच असेल, पण आपल्याला हवी ती त्यातली एकच गोष्ट: प्रवासी नदी उभी पाहतात. ऱ्हाईनच्या काठावर तर दर किलोमीटरला मोठ्या आकड्यांचे फलक आहेत. मोजणी कोन्स्टान्सच्या पुलापाशी शून्यावर सुरू होते आणि लोरेलायचा कडा ५५४च्या सुमारास येतो. नदीवरचा माणूस गावाचा पत्ता नदीच्या लांबीवर सांगू शकतो. पैनगंगेच्या काठी असा फलक लावायचा ठरवला, तर तुमच्या गावाचा आकडा काय असेल? उत्तर येणार नाही. प्रश्न मनात थोडा वेळ राहू द्या.

बोट आता माइन नदीवर आहे. ऱ्हाईनपासून बाम्बेर्गपर्यंत या नदीवर ३४ लॉक, म्हणजे दारे लावून पाणी चढवता-उतरवता येणारे कप्पे आहेत, नदीला पाडलेल्या पायऱ्याच म्हणा. त्यातली एक पायरी जवळून पाहा. बोट साडेअकरा मीटर रुंद, लॉकची रुंदी बारा मीटर. दोन्ही अंगांना वीतभर जागा. खोलीच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर ओली, शेवाळलेली भिंत बोटांना लागेल. मागचे दार बंद होते. पाणी खालून आत येते आणि बोट वर उचलली जाऊ लागते, पण धक्का म्हणून जाणवत नाही. आधी डोळ्यांसमोर नुसती भिंत असते. मग भिंतीची कोरडी कड येते, मग गवताची पाती अगदी डोळ्यांच्या पातळीवर, मग कुणाच्या तरी अंगणातली सायकल. पुढचे दार उघडते आणि वरची नदी सुरू होते.

असे चढत-चढत बोट डोंगर ओलांडते. बाम्बेर्ग ते केल्हाइम हा १७१ किलोमीटरचा माइन-डॅन्यूब कालवा १९९२मध्ये पुरा झाला. त्यात १६ लॉक आहेत आणि सर्वांत उंच जागी बोट समुद्रसपाटीपासून ४०६ मीटरवर तरंगते. दोन नद्या जोडण्याचा प्रयत्न सम्राट शार्लमेनने ७९३मध्येच करून पाहिला होता. म्हणजे ज्या संथपणासाठी आज पैसे मोजले जातात तो नदीने आपण होऊन दिलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या नदीला उभी समजून घेतल्यावर तो हाती आला आहे.

आता परत पैनगंगेवर या. भादव्याचे दिवस आहेत असे धरा, पात्र भरलेले आहे. मनाचा डोंगा पाण्यात सोडा आणि डावीकडे निघा.

पहिला मुक्काम वढा. इथे पैनगंगा वर्धेला मिळते. वर्धा मध्य प्रदेशात मुलताईजवळून, सातपुड्यातून आलेली. दोन डोंगरांचे पाणी इथे एका पात्रात येते, म्हणून काठावर तीर्थ आहे आणि कार्तिकात यात्रा भरते. डॅन्यूबवरचे पासाउही असेच संगमावर वसलेले गाव. तिथे डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या भेटतात. त्यांचे वेगवेगळ्या रंगांचे पाणी काही अंतर शेजारी-शेजारी वाहते. संगमावर डोंगा थोडा थांबवा. कुठले पाणी कुणाचे, हे कुठपर्यंत सांगता येते?

दुसरा मुक्काम बल्लारपूर. गोंड राजांचा किल्ला थेट वर्धेच्या काठावर उभा आहे. तिसरा चपराळा. इथे वैनगंगा भेटते आणि नदीचे नाव प्राणहिता होते. चौथा सिरोंचा, जिथे प्राणहिता गोदावरीला मिळते. पलीकडे कालेश्वराचे मंदिर आहे, एका पीठावर दोन शिवलिंगे असलेले. प्रत्येक मुक्कामी एकेक श्वास थांबा. झरीच्या शेतातून पावसाने वाहून नेलेली काळी माती इथवर येते.

हा जलमार्ग निव्वळ कल्पनेतला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रज अभियंता आर्थर कॉटन याने नेमका हाच रस्ता आखला होता. गोदावरीवरचा धवळेश्वरमचा बंधारा १८५२मध्ये पुरा करणारा तोच हा कॉटन. वऱ्हाडचा कापूस वर्धा-प्राणहिता-गोदावरीने बोटींतून थेट पूर्व समुद्राला न्यायचा, असा बेत होता. १८६१ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि बेताला जोर चढला. नदीत तीन ठिकाणी खडकांच्या मोठ्या रांगा आडव्या होत्या. तिथे बंधारे, कालवे आणि लॉक बांधायला घेतले. पण पावसाळ्यात पाणी आवरेना, उन्हाळ्यात पाणी उरेना. तोवर १८६७मध्ये आगगाडी नागपूरला पोचली. १८७१मध्ये सरकारने योजना सोडून दिली. कापूस आगगाडीने मुंबईला गेला, आणि नदी उभी पाहायचे कारणही त्याच्याबरोबर गेले. उरले ते पूल.

बोटी चालल्या असत्या तर बरे झाले असते का? उत्तराची घाई नको. बंधाऱ्यांनी पायऱ्या पाडलेली नदी सोयीची होते, पण तिचे डोह, तिचे मासे, तिच्या रेतीचे येणे-जाणे तसेच राहत नाही. एवढे मनात ठेवून पुन्हा काठावर येऊ.

तुम्ही बसला आहात तिथेच वर पाहा. काठावरच्या बाभळीच्या फांद्यांत, उभ्या माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, काहीतरी अडकले आहे: पऱ्हाटीच्या काड्या, वाळलेले गवत, खताच्या पोत्याचे चिंधूक. पुराने ते तिथवर नेऊन ठेवले. २०२२च्या जुलैत वर्धा-पैनगंगेच्या पुराने या भागातली शेते खरवडून नेली. असे पाणी किती चढले, हे नंतर झाडांवरूनच कळते. पासाउच्या नगरभवनाच्या भिंतीवर अशा खुणा आहेत, प्रत्येकीशेजारी साल. २०१३च्या जूनमधली रेघ १५०१नंतरची सर्वांत उंच.

आणि उलट टोक. २०१८च्या ऑक्टोबरात ऱ्हाईनवर काउब इथल्या मापकाने २५ सेंटिमीटर दाखवले. मुख्य प्रवाहाची खोली त्याहून जास्त असते, तरी मालबोटींना अर्ध्याहून कमी भार घ्यावा लागला. नदी उतरली की सहलीच्या प्रवाशांनाही मधला टप्पा बसने पार करावा लागतो. पैनगंगेच्या काठच्या माणसाला यात नवल नाही. चैत्र-वैशाखात तिचे पात्र रेतीचे होते आणि पाणी डोहांपुरते उरते. पूर आणि कोरड, दोन्ही नदीचीच रूपे आहेत. दोन्ही चित्रे एकापाठोपाठ डोळ्यांसमोर आणा, आणि कुठल्याही एकाला खरी नदी म्हणू नका.

शेवटची गोष्ट सीमेची. १८५३मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले, तेव्हा पैनगंगेच्या अल्याड इंग्रज आणि पल्याड निजाम झाला. पुढे पल्याडच्या राज्याचे नाव बदलत गेले, आंध्र प्रदेश झाले, २०१४मध्ये तेलंगण झाले. नदी मात्र नकाशावर रेघच राहिली. काठावर तसे दिसत नाही. दोन्ही थड्यांना मराठी ऐकू येते, तेलुगू आणि कोलामीही. दोन्हीकडे कपाशीच वेचली जाते. आडवी पाहिली तर नदी दोन राज्ये तोडते, उभी पाहिली तर एकच खोरे दिसते.

ऱ्हाईनवरही सीमांची कमतरता नव्हती. तिच्यासाठी १८१५च्या व्हिएन्ना परिषदेत सामाईक आयोग ठरला, आणि १८६८च्या मानहाइम कराराने नौकानयन सर्वांना खुले केले. त्यानंतर त्याच काठांवर मोठी युद्धे झाली, तरी आयोग आजही काम करतो. आपल्याकडे गोदावरी खोऱ्याच्या पाण्याचा निवाडा लवादाने १९८०मध्ये दिला, आणि २०१६मध्ये महाराष्ट्र-तेलंगणाने पैनगंगेवरच्या चनाका-कोरटा बंधाऱ्यासह काही प्रकल्पांसाठी करार केला. कागदावर तरी नदीकडे उभे पाहणे सुरू झाले आहे.

आपल्या वाट्याला येते ते याहून लहान आणि रोजचे आहे. वरच्या गावाने सोडलेले पाणी आपल्याकडे येते, आपण सोडलेले खालच्या गावाला जाते. फवारणीचा पंप कुठे धुतला, रेती किती उपसली, नाला कुठे बुजवला, याचा हिशेब खालच्या काठावर लागतो. म्हणून उठण्याआधी एक काम करा. तुमच्या गावाच्या नदीवर, मग ती पैनगंगा असो की घरामागचा ओढा, वरच्या अंगाचे पहिले गाव कोणते आणि खालच्या अंगाचे पहिले गाव कोणते, ती दोन नावे मनात म्हणा. आठवत नसतील तर आजच कुणाला तरी विचारून घ्या.