भाषेचे अधिष्ठान

एखादी भाषा अमुक मुलखात ‘आहे’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा तिचे असणे मातीवर अवलंबून आहे, राज्यकर्त्याच्या फर्मानावर आहे की माणसाच्या जिभेवर, या प्रश्नाचा निकाल आपण नकळत देऊन टाकलेला असतो. आणि डच व मलयाळम् या दोन भाषांचे प्रदेश शेजारी मांडून पाहिले म्हणजे तो निकाल किती घाईने दिला होता हे कळून येते. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे मलयाळम् मातृभाषा असणारे भारतात सुमारे ३ कोटी ४८ लाख, तर डच मातृभाषा असणारे जगभरचे मिळून अडीच कोटींच्या आसपास. तरीही मलयाळम्‌चा अधिकृत मुलूख केरळ, लक्षद्वीप आणि पूर्वी फ्रेंचांच्या अमलाखाली असलेले चिमुकले माहे एवढ्यात संपतो, आणि डच भाषेला नेदरलँड्स व बेल्जियमपासून अटलांटिकपलीकडील सुरीनाम, अरुबा, क्युरासाओपर्यंत राजमान्यता आहे.

आपल्या मीमांसकांनी शब्द नित्य मानला. उच्चाराने तो उत्पन्न होत नाही, केवळ अभिव्यक्त होतो, असे त्यांचे प्रतिपादन. नैयायिकांच्या मते शब्द प्रत्येक उच्चारासरशी जन्मतो आणि लगेच लय पावतो. हा वाद वेदांच्या प्रामाण्यासाठी झडला हे खरे, पण लौकिक भाषांच्या बाबतीतही तो लावून पाहावा असे मला फार दिवस वाटत आले आहे.

वेंगुर्ल्यास वखार घालून बसलेल्या वलंदेजांनी, म्हणजे डचांनी, १६६३ साली पोर्तुगीजांकडून कोची जिंकून घेतली आणि १७९५ पर्यंत तेथे अंमल चालविला. एवढ्या दीर्घ कारभारानंतरही त्या किनाऱ्यावर डच बोलणारा समाज उरला नाही. त्यांच्या तेथील वास्तव्याचे सर्वश्रेष्ठ स्मारक म्हणजे सुभेदार व्हान रेडे याने सिद्ध करविलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ. तो १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला छापला गेला, पण त्याची भाषा लॅटिन. ग्रंथाच्या आरंभी इट्टी अच्युतन् या वैद्याची मलयाळम् साक्ष आहे. रंगभट, विनायक पंडित व अप्पू भट या कोकणी ब्राह्मणांचे १६७५ सालचे नागरीतील प्रमाणपत्रही आहे. आणि वनस्पतींच्या चित्रांवर त्यांची नावे लॅटिनबरोबर मलयाळी, अरबी व नागरी अक्षरांत कोरलेली आहेत. तोफा, जहाजे, दप्तर, खजिना ज्यांच्या हाती होते, त्यांची स्वतःची भाषा त्या चित्रांच्या कोपऱ्यात नाही. ज्यांच्या हाती झाडपाल्याचे ज्ञान होते, त्यांची आहे. ग्रंथाची ही पाने पाहताना माझे मन त्या वैद्याविषयी आदराने भरून येते.

जावा व आसपासच्या बेटांकडेही असेच घडले. डचांच्या व्यापारी कंपनीने कारभारासाठी मलय भाषेवरच भिस्त ठेवली, धर्मोपदेशही तीतच केला, आणि १७३३ पर्यंत समग्र बायबल मलय भाषेत छापून काढले. पुढे राज्य गेले आणि त्यामागोमाग डच भाषाही गेली. सुरीनाममध्ये मात्र १८७६ पासून सक्तीचे शिक्षण डच भाषेत सुरू झाले आणि १८७३ पासून हिंदुस्थानातून आलेल्या गिरमिटियांची नातवंडे ती बोलू लागली. म्हणून तेथे ती आहे.

कोणी म्हणेल, राज्य क्षणभंगुर असले तरी धर्मग्रंथ भाषेला अक्षय ठेवतो. दक्षिण आफ्रिकेतील डच वंशजांचा इतिहास याला अनुकूल नाही. १६३७ चे डच बायबल त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या भक्तिभावाने वाचले जात होते, आणि त्याच घरांतील बोलणे मात्र हळूहळू दुसरीच भाषा, आफ्रिकान्स, होऊन गेले. शेवटी १९३३ साली बायबललाच त्या नव्या भाषेत उतरावे लागले. पवित्र अक्षर पानावर जसेच्या तसे होते. त्याने जिभेला बांधून ठेवले नाही.

आता कोचीच्या ज्यू समाजाकडे पाहावे. सिनेगॉगमधील उपासना हिब्रूत चाले, पण स्त्रियांची लग्नकार्यातील आणि सणावारांची गाणी मलयाळम् भाषेत असत. आया, मावश्या, आज्या ती वह्यांत उतरवून ठेवीत आणि मुलींच्या हाती देत. गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात हा समाज इस्राएलला गेला, त्यातला काही भाग नेगेव्ह वाळवंटातील नेवातीम् गावी वसला, आणि त्या वह्याही सामानाबरोबर गेल्या. मलयाळम्‌ने ते वाळवंट जिंकले नव्हते, तेथील कोणत्याही कचेरीत तिला मान्यता नव्हती. नव्या वधूसाठी परमेश्वराकडे मागणे मागताना मात्र तिच्यावाचून त्या स्त्रियांचे चालत नव्हते.

म्हणून या प्रश्नापुरता मी नैयायिकांच्या बाजूचा आहे. जोवर एखादी वृद्धा नेवातीमला ते गाणे म्हणते, तोवर मलयाळम्‌च्या नकाशात त्या गावाची नोंद केरळच्या कोणत्याही तालुक्याइतक्याच हक्काने असली पाहिजे. तिची नात तेच गाणे केवळ हिब्रू भाषांतरावरून समजून घेऊ लागली, तर वही जपून ठेवूनही ती नोंद खोडावी लागेल, आणि ती खोडताना आपण काही नित्य वस्तू कोठेतरी सुरक्षित आहे असे समाधान करून घेऊ नये.