पिंजऱ्याचा हिशेब

सशाचा पिंजरा घरच्या घरी बांधायला किती खर्च येतो, हा प्रश्न दिसायला हार्डवेअरच्या दुकानातला आहे. पेणच्या बाजारात जावं, जाळीचा भाव विचारावा, गुणाकार करावा, झालं. पण जन्मभर शेती केल्यावर एक कळतं. खर्चाच्या वहीत जे लिहितात त्यापेक्षा जे लिहायचं राहतं तेच जास्त असतं.

रोह्याकडचा आमच्या नात्यातला एक पोरगा ससे पाळायचं म्हणत होता. पिंजऱ्यासकट ससे विकणाऱ्याने दर सांगितला, तो ऐकून म्हणाला, "काका, एवढ्यात तर मी दोन बांधीन." खरं होतं त्याचं. जाळी, पक्कड, कटर, बांधणीची तार आणि थोडी चिकाटी, यापलीकडे त्यात काही नाही. आम्ही ओटीवर बसून हिशेब मांडला.

पिंजरा अडीच फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच धरला. तळ आणि छत मिळून 10 चौरस फूट, पुढची-मागची बाजू साडेसात, दोन्ही कडा सहा. एकूण साडेतेवीस चौरस फूट जाळी. त्यात तळाची जाळी अर्धा इंच बाय एक इंचाची हवी, नाहीतर पिल्लांचे पाय अडकतात. बाकीला एक इंची चालते. दुकानातल्या भावाने गुणलं की जाळीचा खर्च निघाला.

मग काटकसर सुरू झाली. मी म्हटलं, दहा पिंजरे एका ओळीत जोड, म्हणजे मधल्या नऊ भिंती सामाईक होतील. 27 चौरस फूट वाचले, म्हणजे एका अख्ख्या पिंजऱ्याहून जास्त. पोरगा खूश झाला आणि त्याने पुढचं पाऊल टाकलं. पिंजराच लहान करायचा. दोन फूट बाय दीड, उंची सव्वा फूट. जाळी लागते पावणेपंधरा चौरस फूट. एकेका पिंजऱ्यामागे पावणेनऊ वाचले.

वहीत दोन्ही रकमा 'बचत' म्हणूनच लिहिल्या जातात. पण पहिली बचत डोकं चालवून झाली, तीत कुणाचं काही गेलं नाही. दुसरी सशाच्या जागेतून काढली. या दोन्हींना एकच नाव द्यावं का, हाच माझ्या मते खरा प्रश्न आहे.

पोरगा हुशार. म्हणाला, "काका, माणसांना कुठं जागा आहे? आपल्या गावची निम्मी पोरं मुंबईला दहा बाय बाराच्या खोलीत राहिली." राहिली, खरं आहे. पण त्या खोलीची कडी आतून होती. सकाळी दार उघडून माणूस कामाला जात होता, गणपतीला गावी येत होता. सशाच्या पिंजऱ्याची कडी बाहेरून असते आणि ती आपल्या हातात असते. म्हणून आतल्या जागेचा विचारही आपणच करायचा.

तो आणखी एक गोष्ट लिहायला विसरला होता, स्वतःची मजुरी. "ती घरचीच हो," म्हणाला. हे 'घरचीच' शेतकऱ्याला फार महाग पडलंय. सरकार पिकाचा खर्च काढतं तेव्हा पदरचे पैसे म्हणजे ए2, त्यात घरच्या माणसांची मजुरी धरली की ए2 अधिक एफएल, आणि स्वतःच्या जमिनीचं भाडं न् भांडवलाचं व्याजही धरलं की सी2. यातला कुठला आकडा धरायचा यावर अजून भांडण चालू आहे. 1980 साली चाकणला कांद्यासाठी शरद जोशींनी शेतकरी रस्त्यावर आणला, तोही याच मागणीसाठी, की आमचा खरा खर्च मोजा. जो वहीत नाही त्याच्या खिशातून पैसे जातात, हे आपण सोसून शिकलोय. मग आपली वही आपण लिहितो तेव्हा सशाचं नाव त्यात नको का?

ससा ओरडत नाही. बैल अडून बसतो, म्हैस दूध चोरते, ससा गप्प राहतो. नुसत्या तारेवर बसून त्याच्या मागच्या पायांना जखमा होतात, त्या उचलून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. सुताराकडची एक टाकाऊ फळी आत ठेवली की त्याला टेकायला जागा होते. आमच्या कोकणातला उकाडा त्याला सोसत नाही, म्हणून वर सावली आणि चारी बाजूंनी वारा पाहिजे. व्यायच्या वेळी मादी स्वतःच्या पोटाची लव उपटून पिल्लांना अंथरूण करते. ती स्वतःच्या अंगातून एवढं देते, आणि आपण चार वीत जाळीवरून भाव करतो.

कुणी म्हणेल, मग सोडून द्या मोकळं. तेही खरं नाही. डोंगरातल्या रानसशाचं पिल्लू अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्मतं. पाळीव सशाचं पिल्लू उघडं आणि आंधळं जन्मतं. आमच्याकडे मुंगूस आहे, धामण आहे, रानमांजर आहे. मोकळा सोडलेला पाळीव ससा रात्रसुद्धा काढणार नाही. पिंजरा त्याला राखतोही. म्हणून माझं भांडण पिंजऱ्याशी नाही. मी काही माळकरी नाही, घरी मटण शिजतं. पण जनावर उद्या खायचंय म्हणून आज त्याला कसंही ठेवावं, हे मला पटत नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही आहे, की जनावराला पुरेशी हालचाल करता येणार नाही इतक्या अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडणं हा गुन्हा आहे.

आणि जाळीचं गणित आपण समजतो तेवढं कठोर नाही. पिंजऱ्याची लांबी दुप्पट करा, पाच फूट. तळ 5 चा 10 चौरस फूट होतो, सशाला खरीखुरी उडी मारता येते. जाळी मात्र साडेतेवीसची 41 होते, दुप्पट नाही, पावणेदोनपटीला जरा कमीच. जाळीही जाड आणि चांगल्या जस्ताची घ्यावी. सशाचं मूत आणि खाडीचा खारा वारा हलकी जाळी लवकर खातात. खारबंदिस्तीच्या बांधावर माती कमी टाकली तर एका उधाणात खारं पाणी शेतात येतं, हे पेणच्या खाडीकाठच्या माणसाला सांगायला नको.

गरिबाने एवढं कुठून आणायचं, हा प्रश्न उरतोच, आणि तो खोटा नाही. विकतच्या पिंजऱ्यात निदान दुकानदाराला बोल लावता येतो. स्वतः बांधलेल्या पिंजऱ्यात प्रत्येक इंच आपण ठरवलेला असतो. माझं म्हणणं इतकंच, की पैसे कमी असतील तर ससे कमी घ्यावेत. दहाच्या जागी चार घ्यावेत, पण ऐसपैस ठेवावेत. चारांवर धंदा बसत नसेल तर धंदा बसत नाही असं सरळ म्हणावं आणि त्या जागेत वाल पेरावेत. रोह्याकडची माती वालाला तशीही चांगली आहे.