झोळीचा खर्च

जयपूरच्या मालवीय नगरातल्या एका मॉलबाहेर मागच्या वर्षी एका मुलाने मला अडवलं. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. ‘आंटीजी, बस दो मिनट.’ दोनाची वीस मिनिटं झाली आणि आजारी मुलांच्या उपचारासाठी दरमहा पाचशे रुपये माझ्या खात्यातून जायला लागले. नंतर चौकशी केली तर कळलं, मुलगा संस्थेचा नव्हेच. देणग्या गोळा करून देणाऱ्या कंपनीचा. माझ्या पहिल्या वर्षाच्या पैशातला बराचसा वाटा त्या मागण्यावरच खर्च होणार होता.

बँकेत जन्म गेला माझा, त्यामुळे हिशोब लगेच समजला. देणारा चार-पाच वर्षं टिकला तर संस्थेचा फायदाच. वर्षातच गळाला, तर मागणाऱ्याचं पोट भरलं, आजाऱ्याचं राहिलं. समजलं, पण पचलं नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाला देश, काळ, पात्र पाहायला सांगितलंय. मधल्या माणसाच्या पगाराचं काय, ते नाही. पण आपल्याकडे झोळी फिरवणारा झोळीतलंच खात आला. माधुकरी मागायला येणाऱ्या मुलाला आजी भाकरी वाढायची, तेव्हा त्यातली किती चतकोर विद्येत उतरली हे तिने कधी विचारलं नाही. महर्षी कर्वे तर सत्तरी ओलांडल्यावर, 1929 साली, महिला विद्यापीठासाठी पैसे मागत परदेशी गेले. बोटीला भाडं लागलंच असणार.

‘जयपूर फूटला कुठे असली माणसं लागली?’ असं मी स्वतःलाच ऐकवायचे. 1968 साली इथल्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठींनी तो घडवला. अनवाणी चालता येईल, शेतात जाता येईल, उकिडवं बसता येईल असा रबरी पाय. 1975 साली देवेंद्रराज मेहतांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली. पाय फुकट, राहणं-जेवणही फुकट. माणूस सरपटत आत जातो, चालत बाहेर येतो. ‘नाचे मयूरी’त सुधा चंद्रन त्याच पायावर नाचली. वेगळी जाहिरात हवी कशाला?

पण मेहता सनदी अधिकारी, पुढे सेबीचे अध्यक्ष. अशा माणसाचा फोन कुणी टाळत नाही. ती पतही भांडवलच की, ताळेबंदात दिसत नाही इतकंच. कुठल्या तरी गावाबाहेर मनोरुग्णांना सांभाळणाऱ्यांकडे ना दाखवायला पाय, ना मोठं नाव. त्यांनी मागायचं कसं? आणि मला शुद्ध तूप हवं तसं शुद्ध दान हवं होतं. शंभरातले शंभर थेट पोचलेले, म्हणजे पुण्यात कुणाची भागीदारी नको. हा लोभ नाही तर काय? तरी खर्च किती, हे त्या मुलाने आधी सांगायला हवं होतं, हेही मी सोडत नाही.

मे महिन्यात तो पुन्हा दिसला, मॉलच्या सावलीत बाटलीतलं कोमट पाणी पीत. दिवसाला किती जण नाही म्हणतात, विचारलं. हसला. ‘गिनना छोड़ दिया, आंटीजी.’

मी नाही सोडलं. परवा चौदावा हप्ता गेला.