डोळ्यांदेखत

हर्ट्झ या गृहस्थांशी माझी ओळख तशी उशिराच झाली. आम्ही कॉमर्सवाले, आमच्या ओळखी डेबिट-क्रेडिटच्या पलीकडे जात नाहीत. हाइनरिश हर्ट्झ नावाचा जर्मन शास्त्रज्ञ होऊन गेला, बिचारा १८९४ साली अवघ्या ३६व्या वर्षी वारला, आणि एखादी गोष्ट सेकंदात किती वेळा घडते हे मोजायच्या मापाला पुढे त्याचं नाव मिळालं, हे ज्ञान मला यवतमाळातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात उभ्या उभ्या, चिरंजीवांकडून मिळालं. तेही फुकट नाही. साडेचार हजार रुपये पडले.

बारावीला ऐंशीच्या वर टक्के आण, गेम खेळायचा मॉनिटर घेऊन देतो, असं मी बोलून गेलो होतो. पठ्ठ्याने त्र्याऐंशी आणले. बोलून गेलेल्या शब्दावरही व्याज चढतं, हे बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला तरी कळायला हवं होतं.

"साठचा दाखवू, एकशे चव्वेचाळीसचा, का दोनशे चाळीसचा?" दुकानदाराने विचारलं.

क्षणभर मला वाटलं, हा भावच सांगून राहिला. मी उदार मनाने म्हटलं, "दोनशे चाळीसचा दाखवा."

मग माझं शिक्षण सुरू झालं. पडद्यावरचं चित्र हलत नसतंच म्हणे. नुसती स्थिर चित्रं एकामागून एक येतात, आपण ती हलली असं समजतो. साठ हर्ट्झचा मॉनिटर सेकंदात साठ वेळा चित्र बदलतो, म्हणजे एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद टिकतं. एकशे चव्वेचाळीसवर ते ७ मिलिसेकंदांत जातं. मी तोंडी वजाबाकी केली. सेकंदाच्या शंभराव्या भागाचे साडेचार हजार! आता बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरला जाण्यात अख्खे दिवस घालवलेला मी माणूस. ती गाडी १९९४ पर्यंत मँचेस्टरहून आणलेल्या वाफेच्या इंजिनावर चालायची. आणि माझा मुलगा मला दहा मिलिसेकंदांचा हिशेब सांगत होता.

"अरे, सिनेमात सेकंदाला चोवीसच चित्रं असतात," मी म्हटलं. "शोलेतले घोडे काय लंगडत होते?"

"बाबा, सिनेमा तुम्ही नुसता पाहता. गेममध्ये हात हलला की चित्र हललं पाहिजे."

दुकानदाराने वाद मिटवायला दोन मॉनिटर शेजारी शेजारी लावले आणि माउस गरगर फिरवायला सांगितला. साठवाल्यावर बाण तुटक तुटक दिसत होता, मध्ये मध्ये फटी सोडत. एकशे चव्वेचाळीसवाल्यावर तो तुपात बुडवल्यासारखा फिरला. मला फरक स्वच्छ दिसला. अगदी डोळ्यांदेखत.

आणि मी म्हणालो, "मला तर काही फरक दिसत नाही बुवा."

चार्वाक म्हणे प्रत्यक्ष दिसेल तेवढंच प्रमाण मानायचा. मी त्याच्याही पुढे गेलो. प्रत्यक्ष दिसलं तेही मानलं नाही. कारण सरळ आहे. एकदा फरक दिसला की तो विकत घ्यावा लागतो. आयुष्यात हापूस आणि रायवळ, सेकंड एसी आणि स्लीपर यांतले किती फरक मी असे न पाहून वाचवले, त्याचं एक वेगळं खातं निघेल.

मुलाने माझ्याकडे पाहिलं. बोलला काही नाही. ते जरा लागलंच. शेवटी सौ.ने निकाल दिला, "अहो, मला चष्म्याशिवाय दिसतो, तुम्हाला कसा नाही दिसत?" एकशे चव्वेचाळीस घरी आला.

पुढचे चार महिने मी खोलीवरून गेलो की आतून आवाज यायचा, "बाबा, मख्खन चालतो!" मला बरं वाटायचं आणि ते बरं वाटणं मी चेहऱ्यावर दिसू देत नसे.

मग एका रात्री बँकेचा सक्तीचा ऑनलाइन कोर्स पुरा करायला मी त्याच संगणकासमोर बसलो. अक्षरं बारीक दिसत होती, ती मोठी करायला सेटिंगमध्ये शिरलो, तर तिथे आकडा: ६० हर्ट्झ. खाली यादीत १४४ होता, पण निवडलेला नव्हता. विंडोज पुष्कळदा नवा मॉनिटर साठावरच सुरू करतं, आपण जाऊन बदलावं लागतं. म्हणजे चार महिने पोरगं साठ पाहत होतं आणि मख्खन म्हणत होतं!

सांगावं की नाही? बँकेत हा प्रश्न पडत नाही. काउंटरवर खोटी नोट आली की ती परत द्यायची नाही; शिक्का मारायचा, जप्त करायची आणि पावती द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. बाजारातून येईपर्यंत त्या माणसाच्या खिशात पाचशे रुपये असतात, माझ्यासमोर आला की कागद उरतो. त्याचा चेहरा पडतो, पण मला सोयीचं असतं. मी नियमाकडे बोट दाखवतो. घरात रिझर्व्ह बँक नाही. पोराच्या आनंदावर शिक्का मारायचा तर तो मलाच मारावा लागणार. शिवाय "बघ, मी म्हटलंच होतं, फरक नसतो," असं म्हणून मी जिंकलो असतो, आणि तेही खोटं बोलून.

म्हणून मी गुपचूप १४४ केला आणि झोपलो.

दुसऱ्या रात्री पाहिलं तर पुन्हा ६०.

मी दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, तुमच्या जुन्या कॉम्प्युटरचं ग्राफिक कार्ड या गेममध्ये सेकंदाला साठच चित्रं काढते. एकशे चव्वेचाळीसला साठने भाग जाते का?"

"दोन पूर्णांक चार दशांश."

"बस! म्हणजे एक चित्र दोनदा दिसते, दुसरं तीनदा. गचके बसतात. साठावर ठेवलं का सरळ चालते. तुमच्या पोराले समजते ते, त्यानं मले पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं."

नव्या कार्डाची किंमत मी विचारली. ती मॉनिटरच्या दुप्पट होती.

घरी येताना दत्त चौकात उगाच थांबून एक चहा घेतला. मला दिसलं होतं ते मी दिसत नाही म्हणालो. त्याला दिसत नव्हतं ते तो दिसतं म्हणत राहिला. दोन्ही बाजूंच्या रकमा सारख्या होत्या, पण ताळेबंद काही जुळेना. मी पैसे वाचवायला बोललो होतो. तो काय वाचवत होता?

रात्री खोलीवरून जाताना नेहमीचा आवाज आला, "बाबा, मख्खन!"

मी आत गेलो. चष्मा पुसून पडद्याकडे नीट पाहिलं.

"हो रे," मी म्हटलं. "आता दिसतो फरक."