शाई कुणी सांडली?

आईला खोटं बोलायची तालीम मी दिली. त्या वेळी मी तिला ‘इंटरव्ह्यूची तयारी’ म्हणत होतो.

ताई न्यू जर्सीत राहते. तिचं पहिलं बाळंतपण होतं. आई दोन वर्षांपूर्वी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. तिच्यासाठी अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाचा अर्ज मी भरला: डीएस-१६० नावाचा न संपणारा फॉर्म, १८५ डॉलर फी, आधी बोटांचे ठसे, मग मुलाखत. मुलाखतीची तारीख हातात पडली आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. डोळ्याला डोळा भिडवून बोला. हसतमुख राहा. आणि काहीही झालं तरी बाळंतपणाचं नाव काढू नका. त्यांना वाटतं, आया म्हणून कामाला चाललात.

मग रोज रात्री जेवणं झाली की मी अधिकारी व्हायचो आणि इंग्रजीत विचारायचो, अमेरिकेला कशासाठी चाललात? आई पाठ केलेलं वाक्य म्हणायची: न्यूयॉर्क पाहायला, नायगारा पाहायला. पगार, पेन्शन, घर यांवरची उत्तरं ती सहज द्यायची. या एका प्रश्नाला मात्र तिचा उजवा हात थरथरायचा.

“आई, हात टेबलावर ठेव. जरा कॉन्फिडन्ट दिस.”

“दिस?” ती म्हणाली. “आणि पाठ केलेलं उत्तर पाचवीच्या वर्गात मला पहिल्या शब्दाला कळतं. त्यांना कळणार नाही?”

मग तिने तिच्या वर्गातली एक गोष्ट सांगितली. हजेरीपटावर शाई सांडली होती. कुणी सांडली, असं तिने दरडावून विचारलं, तर एक मुलगा रडायला लागला. तिने त्याला दिवसभर उभं केलं. शाई सांडणारा दुसराच होता. तो शांतपणे पाढे लिहीत बसला होता. “जो रडला त्याला वाटलं होतं, बाई आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत,” आई म्हणाली. “आणि मी नाहीच ठेवला.”

मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन याने या चुकीला ऑथेल्लोचं नाव दिलं आहे. डेस्डेमोना घाबरते ती आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही म्हणून. ऑथेल्लोला ती भीतीच गुन्ह्याची कबुली वाटते. माणसाला समोरच्याचं खोटं कितपत ओळखता येतं, यावरच्या दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्र आढावा बाँड आणि डीपाउलो यांनी २००६ मध्ये घेतला. सरासरी अचूकता निघाली साधारण ५४ टक्के. नाणं उडवलं तरी ५० मिळतात.

पण अधिकाऱ्याला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. तो ज्या कायद्याने बांधलेला आहे, त्याची सुरुवातच संशयापासून होते. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यातलं कलम २१४(ब) म्हणतं की अर्जदार तिथे कायमचा राहायलाच येतो आहे असं धरून चाला. तसं नाही हे त्याने पटवून द्यावं. म्हणजे आईला सिद्ध काय करायचं होतं? सहा महिन्यांनंतर आपल्या मनात काय असेल, ते. सातबारा दाखवता येतो, पेन्शनचं पासबुक दाखवता येतं. परत यायचा इरादा कुठल्या कागदावर दाखवणार? कागद नाही, म्हणून मग चेहरा वाचला जातो. तोही दोन-तीन मिनिटांत, काचेपलीकडून.

माझ्या धंद्याच्या भाषेत बोलायचं तर या यंत्रणेचा फीडबॅक एकतर्फी आहे. व्हिसा मिळालेला माणूस परत आला नाही तर त्याची नोंद होऊ शकते. ज्याला नाकारलं तो गेला असता तर परत आला असता का, हे कधीच कळत नाही. चुकीच्या नकाराचा बग कुणाच्याच स्क्रीनवर येत नाही. आणि जी चूक दिसतच नाही ती सुधारणार कोण?

अशा ठिकाणी आपण थोडं नाटक केलं तर बिघडलं कुठे? नियमच अन्यायाचा असेल तर अभिनय म्हणजे स्वसंरक्षण, असं मी मला पटवलं होतं. व्यवहार बघितला तरी ते चूक होतं. नातेवाइकांना भेटणं हे या व्हिसाचं मान्य कारण आहे. पगार घेऊन काम करणं नाही. उलट व्हिसासाठी महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली तर कायमची बंदी येऊ शकते. म्हणजे मी आईला एका सरळ सत्यापासून एका धोक्याच्या असत्याकडे ढकलत होतो, आणि तिचा हात थरथरतो म्हणून तिलाच बोलत होतो.

पण मला जास्त लागलं ते वेगळंच. दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी मी स्वतः अशाच खिडकीसमोर उभा राहिलो होतो. तेव्हा मी अगदी शांत होतो, आणि तो माझा गुण आहे असं समजत होतो. खरं तर माझ्यामागे कंपनीचं पत्र होतं, पगाराची स्लिप होती आणि नकार मिळाला असता तर माझं फार काही अडणार नव्हतं. ज्याचं काही अडत नाही त्याला शांत राहायला काय लागतं? आईचं अडत होतं. स्थितप्रज्ञ व्हायला फळाची आस सोडावी लागते. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाची आस आईने का सोडावी? तिची थरथर म्हणजे ओढ होती. आणि नेमकी तीच ओढ कायद्याच्या नजरेत संशयाची. मूल तिकडे आहे, म्हणजे ही तिकडेच राहील.

म्हणून मी तालीम बंद केली. तयारी बंद केली नाही. खरं नीट बाहेर यावं म्हणून केलेली तयारी आणि खरं आत दाबून ठेवायची तयारी, या दोन्हींना आपण ‘कॉन्फिडन्स’ म्हणतो, तिथेच घोळ होतो. पहिलीत लबाडी नाही. आम्ही फॉर्ममधली एकेक ओळ पुन्हा वाचली, म्हणजे तिच्या नावावर काय लिहिलंय ते तिला माहीत असेल. मुलाखत मराठीत देता येते, ती मराठीत द्यायची ठरवली. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायचा. जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं. हात थरथरला तर थरथरू द्यायचा.

मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून तिचा फोन खिशात घेऊन मी बीकेसीच्या फुटपाथवर उभा राहिलो. दोन तासांनी ती बाहेर आली. कशाला चाललात, विचारल्यावर तिने सांगितलं होतं: लेकीचं बाळंतपण आहे, तिच्याजवळ राहायला. परत कधी? बाळ तीन महिन्यांचं झालं की. मुलगा इथे पुण्यात आहे, त्याचं लग्न व्हायचंय. फाइल उघडायचीही वेळ आली नाही. व्हिसा मिळाला.

यातून कुणी ‘खरं बोला, व्हिसा मिळेल’ असा बोध काढू नये. एका माणसावरून, एका दिवसावरून काहीच सिद्ध होत नाही. हे मी म्हणायच्या आधी आईच म्हणाली. रांगेत तिच्या पुढे एक गृहस्थ होते. आईची फाइल सुटून कागद विस्कटले तेव्हा त्यांनीच खाली बसून ते गोळा करून दिले. आवाज शांत, उत्तरं सरळ. त्यांना पासपोर्ट आणि नकाराचा कागद परत मिळाला. अधिकाऱ्याला कदाचित काही दिसलं असेल, जे आईला दिसलं नाही. कदाचित नसेलही.

टॅक्सीत बसल्यावर मी ताईला फोन लावला. ती तिकडे आनंदाने रडायला लागली. आई मात्र खिडकीबाहेर बघत होती. “त्यांचा मुलगा पण बाहेर उभा असेल रे,” ती म्हणाली. मग ताईशी बोलायला तिने फोन हातात घेतला, आणि हात तेव्हाही थरथरतच होता.