सब्र कशाला म्हणावे?

काही आजारांची नावे आपल्या घरांत उच्चारली जात नाहीत. क्षयाला एकेकाळी ‘बडी बीमारी’ म्हणत, कर्करोगाला आजही पुष्कळ घरांत नुसते ‘ती बीमारी’ म्हणतात. जळगाव असो की धुळे, अमळनेर असो की शिरपूर, दवाखान्यातले दृश्य सारखेच असते. रिपोर्ट थोरल्या मुलाच्या हातात, म्हातारा बाप बाहेर बाकावर बसलेला, आणि मुलगा आत जाऊन डॉक्टरांना हळूच सांगतो, “डाक्टरसाब, अब्बा को कुछ मत बताना.” डॉक्टरही मान डोलावतात. बाहेर येऊन मुलगा म्हणतो, थोडी कमजोरी आहे, खून कमी आहे, गोळ्या दिल्या आहेत.

हे सारे मायेपोटी घडते, यात शंका नाही. पण माया आहे म्हणून कृती बरोबरच असते, असे थोडेच आहे? हा प्रश्न आम्ही एका विशिष्ट आजाराच्या निमित्ताने विचारत आहोत. त्या आजाराचे नाव क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, थोडक्यात सीएलएल. हा रक्ताचा एक संथ कर्करोग आहे. सत्य झाकण्याच्या आपल्या रीतीची खरी परीक्षा हाच आजार घेतो, म्हणून तो आधी नीट समजून घेऊ.

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींत लिम्फोसाइट नावाच्या पेशी असतात. त्यांतल्या ‘बी’ प्रकारच्या पेशी रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे तयार करण्याच्या कामी येतात. या आजारात अशा एकाच पेशीची संतती अमर्याद वाढत जाते. या पेशी दिसायला तयार, पण कामाला निरुपयोगी असतात. त्या वेळेवर मरत नाहीत आणि रक्तात, अस्थिमज्जेत, मानेच्या-काखेतल्या गाठींत, पांथरीत साठत राहतात. आजार बहुधा साठीच्या आसपास किंवा त्यानंतर आढळतो. पाश्चात्त्य देशांत प्रौढांच्या रक्तकर्करोगांत तो सर्वांत जास्त दिसतो, आपल्याकडे त्या मानाने कमी. पुष्कळदा तो अचानकच सापडतो. मोतीबिंदूच्या किंवा हर्नियाच्या शस्त्रक्रियेपूर्वी सीबीसी करतात, त्यात पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या निघतात. माणूस मात्र सायकलवरून बाजारात जातो आहे, पाच वेळा मशिदीत जातो आहे. त्याला काहीच होत नसते.

पेशी वाढल्या म्हणजे हाच आजार, असेही नव्हे. विषाणूंच्या संसर्गातही त्या वाढतात. म्हणून निदानाची कसोटी ठरलेली आहे. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये अशा एकाच कुळातल्या बी-पेशी किमान ५,००० हव्यात आणि ही वाढ तीन महिने टिकलेली हवी. काचेवर रक्त पसरून पाहिले की या नाजूक पेशी फुटून त्यांचे डाग दिसतात. खात्री मात्र फ्लो सायटोमेट्री या तपासणीने होते. पेशींच्या पृष्ठभागावरील खुणा ओळखून ती त्यांचे कूळ सांगते. त्यासाठी साधे रक्त पुरते. नुसत्या निदानासाठी अस्थिमज्जा काढण्याची सहसा गरज पडत नाही.

आता आपल्या मोहल्ल्यातला एक गोंधळ. ‘ब्लड कॅन्सर’ हा शब्द ऐकला की सारे एकच आजार समजतात. काही ल्युकेमिया इतके तीव्र असतात की उपचार काही दिवसांत सुरू करावे लागतात. दुसरा एक, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, इमॅटिनिब नावाच्या गोळीने वर्षानुवर्षे ताब्यात राहतो. याच औषधाच्या एका रूपावर नोवार्टिस कंपनीने मागितलेले पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नाकारले. तेव्हा कोणी शेजारी सांगतो, “आमच्या मेहुण्याला एका गोळीने फरक पडला, तीच घ्या.” पण ती गोळी सीएलएलची नव्हे. नाव अर्धे कळले की इलाजही अर्धाच कळतो.

सीएलएलची सर्वांत चमत्कारिक गोष्ट पुढे आहे. सुरुवातीच्या अवस्थेत डॉक्टर म्हणतात, “सध्या औषध नको. तीन महिन्यांनी रक्त तपासून या.” घरच्यांना हे पटत नाही. कॅन्सर म्हणता आणि औषध नको म्हणता? जमीन विकू, दागिने मोडू, पण काहीतरी करा! मात्र हा सल्ला हलगर्जीचा नाही. मूळचे भारतीय आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. कांती राय यांनी १९७५ मध्ये या आजाराच्या पायऱ्या आखून दिल्या. नुसत्या पेशी वाढल्या असतील तर शून्य, गाठी सुजल्या तर पहिली, पांथरी किंवा यकृत वाढले तर दुसरी, रक्त कमी झाले तर तिसरी आणि प्लेटलेट एक लाखाच्या खाली गेल्या तर चौथी. जगभरचे डॉक्टर आजही त्या वापरतात. १९९८ मध्ये फ्रेंच संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतून दिसले की, सुरुवातीलाच क्लोरॅम्ब्युसिल हे औषध दिलेल्या रुग्णांचे आयुष्य, थांबून राहिलेल्या रुग्णांपेक्षा वाढले नाही. म्हणून आजही लक्षणे नसलेल्या रुग्णाला थांबायला सांगतात. अनेकांना वर्षानुवर्षे औषध लागत नाही, काहींना तर कधीच लागत नाही.

मग उपचार केव्हा? हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट घसरू लागल्या, गाठी किंवा पांथरी फारच वाढली, पेशींची संख्या सहा महिन्यांच्या आत दुप्पट झाली, कारण नसताना वजन उतरले, ताप हटेना, रात्री कपडे भिजतील इतका घाम येऊ लागला, थकव्याने रोजचे काम होईना, म्हणजे वेळ आली. ही यादी नीट पाहा. हिच्यातल्या काही गोष्टी प्रयोगशाळा सांगते. ताप, घाम, थकवा, काखेत हाताला लागलेली नवी गाठ मात्र फक्त रुग्णच सांगू शकतो. ज्याला आपल्याला काय झाले हेच माहीत नाही, तो कशावर लक्ष ठेवणार? घामाला तो उन्हाळा म्हणेल, खानदेशात उन्हाळ्याला तोटा नाही. थकव्याला वय म्हणेल. आणि दर तीन महिन्यांनी आपले रक्त का काढतात, या त्याच्या प्रश्नाला घरच्यांना दर वेळी नवे खोटे शोधावे लागेल.

आमचे म्हणणे एवढेच आहे: या आजारात थांबणे हाही इलाजाचाच भाग आहे आणि तो रुग्णाला स्वतः करावा लागतो. त्याच्यापासून आजार लपवला की आपण त्याचा इलाजच काढून घेतो.

आपण सब्र हा शब्द फार सैल वापरतो. काही करता येत नाही तेव्हा गप्प बसणे, एवढाच अर्थ उरला आहे. पण सब्र जाणत्या माणसाचा असतो. समोर काय आहे हे माहीत असूनही जो घाबरून धावत नाही आणि पाठही फिरवत नाही, तो साबिर. अजाण माणसाच्या शांततेला सब्र म्हणता येत नाही, ती नुसती बेखबरी. आपल्या बापाला आपण सब्राची संधी देतो की बेखबरीत ठेवतो, हा खरा नैतिक प्रश्न आहे.

तवक्कुलचेही तसेच. आधी उंट बांधावा, मग भरवसा ठेवावा, ही शिकवण आपल्या घरांत लहान मुलालाही माहीत असते. सीएलएलमध्ये उंट बांधणे म्हणजे ठरलेल्या तारखेला रक्त तपासणे, तापाकडे दुर्लक्ष न करणे, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी डॉक्टरांना विचारून घेणे, जिवंत जंतूंच्या लसी टाळणे. कारण या आजारात प्रतिकारशक्ती दुबळी होते आणि साधा संसर्गही जड जातो. ‘औषध नको’ याचा अर्थ ‘दवाखाना नको’ असा घेतला की रिकाम्या जागेत पुड्या विकणारे शिरतात. अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले सापडते. त्याने गाठी काही दिवस बसतात, लोक करामत म्हणतात, आणि आतून प्रतिकारशक्ती आणखी खचते.

सत्य कळले की माणूस खचून जाईल, ही भीती खोटी नाही. पण ज्यांना सांगितले गेले, त्यांनी त्या वर्षांचे काय केले, हेही पाहावे. ‘ओरिएंटॅलिझम’ या १९७८ च्या ग्रंथाचे लेखक एडवर्ड सईद आपल्या वाचकांना परिचित आहेत. जेरुसलेममध्ये ख्रिस्ती घरात जन्मलेल्या या पॅलेस्टिनी विचारवंताला १९९१ मध्ये तपासणीत हाच आजार निघाला. उपचार सुरू झाले मार्च १९९४ मध्ये. मधल्या काळात, १९९२ मध्ये, ते साडेचार दशकांनंतर पहिल्यांदा आपल्या जन्मभूमीला जाऊन आले. १९९३ मध्ये त्यांचा ‘कल्चर अँड इम्पिरिॲलिझम’ हा ग्रंथ आला. उपचार चालू असताना त्यांनी ‘आऊट ऑफ प्लेस’ हे आत्मकथन लिहिले आणि ते पत्नी मरियम व आपले डॉक्टर कांती राय यांना अर्पण केले. होय, तेच राय, ज्यांनी पायऱ्या आखल्या. सईद २००३ मध्ये गेले. निदानानंतरची ती बारा वर्षे त्यांनी जाणतेपणी जगली.

कोणी म्हणेल, ते न्यूयॉर्कचे प्राध्यापक, आमचा बाप धुळ्याचा हातगाडीवाला. खरे आहे. त्यांच्या हाताशी असलेले उपचार आपल्याकडे सहज नाहीत. पण जाणून घेण्याचा हक्क पदवीने मिळत नाही. उलट आपल्या साध्या माणसाच्या डोक्यावर हिशेब जास्त असतात. कोणाचे कर्ज फेडायचे आहे, बायकोची मेहर द्यायची राहिली आहे, भावाशी अबोला आहे, एक तृतीयांशापर्यंत वसीयत करायची आहे, हजची नियत आहे. तब्येत ठीक असलेली वर्षे हजला जाण्याची असतात. त्यासाठी लागणारी मेनिंजायटिसची लस आणि गर्दीतल्या संसर्गाची काळजी यांचा विचार डॉक्टरांशी बोलून आधी करता येतो. हे सारे त्याचे फर्ज आणि त्याचा हक्क आहे. त्याला न सांगता आपण ते परस्पर रद्द करतो.

पैशाचेही तेच. वेळ आली की औषधे निवडावी लागतात. क्लोरॅम्ब्युसिल आणि इतर केमोथेरपी जुनी. रिटुक्सिमॅबसारखी प्रतिपिंडे नंतर आली. ती देण्यापूर्वी बी प्रकारची कावीळ तपासावी लागते, कारण ती दबलेली असेल तर उसळते. अमेरिकेत २०१४ मध्ये या आजारासाठी मान्यता मिळालेली इब्रुटिनिब आणि पुढे आलेली व्हेनेटोक्लॅक्स या गोळ्यांनी चित्र बदलले. १७ व्या गुणसूत्राचा तुकडा गळलेला असेल तर जुनी केमोथेरपी नीट चालत नाही, म्हणून उपचारापूर्वी ती तपासणी करून घ्यावी. यातल्या काही गोळ्या दीर्घकाळ चालतात आणि खर्चही तसाच चालतो. धुळ्यात १९८९ पासून आणि जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून उभे आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत धुळे होते. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. कोणता उपचार तिच्यात बसतो, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. पण कितीही मदत मिळाली तरी घरचा पैसा लागतोच, आणि पुष्कळदा तो त्या बापानेच जमवलेला असतो. नातीच्या शिक्षणाला ठेवावा की स्वतःच्या गोळ्यांवर घालावा, हे त्याला न विचारता ठरवणे कोणत्या मायेत बसते?

आता दुसरी बाजू. सत्य सांगणे म्हणजे रिपोर्ट तोंडावर फेकणे नव्हे. काही माणसांना सगळे ऐकायचे नसते आणि न ऐकण्याचाही त्यांना हक्क आहे. पण तो हक्क त्यांनी वापरायचा आहे, आपण त्यांच्या वतीने नव्हे. म्हणून आधी विचारावे, “अब्बा, डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला ऐकायचे आहे का? किती ऐकायचे आहे?” ज्यांनी “तूच बघ बेटा” म्हटले, त्यांचा शब्द पाळावा. तरीही ताप आला, घाम आला, तर लपवू नका, एवढे त्यांनाही सांगावेच लागते. आणि हे विचारणे फक्त बापासाठी नको. अम्मीच्या वेळी तर मुलगेच काय, जावईही परस्पर ठरवून मोकळे होतात. तिचा आजार तिच्याखेरीज साऱ्या मोहल्ल्याला माहीत असतो.

सीएलएलमध्ये सांगायची गोष्ट मोठ्या आवाजात, रडत सांगण्याची नाहीच. ती एवढीच आहे: “रक्तात एक संथ आजार आहे. तो कर्करोगाच्या जातीचा आहे. आज औषध लागत नाही, पुढे कदाचित लागेल. आपण लक्ष ठेवू, तुम्हीही ठेवा.” या चार वाक्यांत खोटे काही नाही आणि उमेदही शाबूत आहे. ज्या माणसाने आपल्याला चालायला शिकवले, तो एवढे ऐकू शकेल, असा भरवसा त्याच्यावर ठेवायला काय हरकत आहे?