पहिल्या केमोच्या आधी

कॅन्सरचं निदान झालं की घरात एकच प्रश्न उरतो: वाचेल ना? तो रास्तच आहे. पण लहान वयातल्या रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमधून आज असंख्य मुलं पूर्ण बरी होतात. उपचार संपलेल्या मुलांवर पुढे लक्ष ठेवणारं स्वतंत्र क्लिनिक मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९९१ पासून चालू आहे. ही मुलं मोठी होतात, लग्नाची होतात. सायक्लोफॉस्फामाइडसारख्या औषधांनी किंवा ओटीपोटावरच्या रेडिएशनने आपली जननक्षमता गेली असेल, हे त्यांतल्या काहींना तेव्हा कळतं. आधी कुणी सांगितलेलंच नसतं. हे न सांगणं म्हणजे उपचारातलीच कसूर आहे, असं माझं ठाम मत आहे.

वयात आलेल्या मुलासाठी वाट सोपी आहे. वीर्य उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं टिकतं, आणि गोठवलेल्या वीर्यापासून गर्भधारणा झाल्याचं १९५३ सालीच जगाला कळलं होतं. अडतं ते बोलण्यापाशी. सोळा वर्षांच्या मुलासमोर विषय निघाला की वडील खाली बघतात, आई उठून बाहेर जाते. त्याच्या हातात डबी देऊन स्वच्छतागृहाकडे बोट दाखवलं जातं. त्याच्याशी एकट्याने, दार लावून, दहा मिनिटं बोलणारं कुणीतरी हवं.

मुलीचं काम अवघड. स्त्रीबीजं गोठवायची तर साधारण दोन आठवडे रोज इंजेक्शन घ्यावं लागतं. आता त्यासाठी पाळीची वाट पाहावी लागत नाही, तरी काही रुग्णांना तेवढीही उसंत नसते. शिवाय बीजं बहुधा योनीमार्गे काढतात. अविवाहित मुलीच्या घरी चर्चा इथेच थांबते, आणि तिला स्वतःला काय हवंय हे कुणी विचारत नाही. पाळी न आलेल्या मुलीच्या बीजांडकोशाच्या पातळ पट्ट्या दुर्बिणीतून काढून गोठवता येतात. बेल्जियममध्ये हॉजकिन्स हा लसिकाग्रंथींचा कॅन्सर झालेल्या एका तरुणीच्या अशा पट्ट्या १९९७ मध्ये काढल्या होत्या. त्या पुन्हा बसवल्यावर २००४ मध्ये तिला मूल झालं. ल्युकेमियात मात्र त्या पट्ट्यांतूनच कॅन्सरच्या पेशी परतण्याची भीती असते. वयात न आलेल्या मुलग्यांसाठीचे उपाय तर अजून प्रायोगिकच आहेत. हेही स्पष्ट सांगायला हवं. खोटी आशा नको.

सहाय्यक प्रजननाविषयीचा आपला २०२१ चा कायदा वंध्यत्वावर उपचार घेणारी जोडपी डोळ्यांसमोर ठेवून केलेला दिसतो. त्यात सेवेसाठी वयाची किमान अट एकवीस वर्षांची आहे. शाळकरी रुग्णाचा विचार जाणवत नाही. आयुष्मान भारत योजना केमोचा खर्च उचलते, वंध्यत्वावरचे उपचार मात्र वगळते. मग गरिबाच्या मुलाने काय करायचं?

आणि संमतिपत्र! २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एक आई आली. कॅन्सरने गेलेल्या तिच्या अविवाहित मुलाने वीर्य गोठवलं होतं, पण आपल्या मृत्यूनंतर ते नष्ट करावं, असं फॉर्ममध्ये नोंदवलं होतं. निकाल लागेपर्यंत ते जपून ठेवा, असा आदेश न्यायालयाने दिला. आईचं दुःख समजतं. तरीही मुलाच्या इच्छेला मी अधिक मान देईन. म्हणूनच ती इच्छा घाईत केलेल्या एका खुणेवर सोडू नये.

तुमच्या घरी, शेजारी, ओळखीत असा तरुण रुग्ण असेल, तर पहिलं सलाइन लागायच्या आधी डॉक्टरांना विचारा: या औषधांनी पुढे मूल होण्यावर परिणाम होईल का, आणि आज काय जपून ठेवता येईल? केमो सुरू झाल्यावर घेतलेल्या वीर्यात जनुकीय दोषांचा धोका असतो, म्हणून आधीच विचारा. डॉक्टर घाईत असले तरी विचारा.